अंगावरून गेलेले वारे : पक्षाघाताच्या आकलनाचा इतिहास

माझ्या आजोबांच्या अंगावरून वारे गेले ते १९६६ सालच्या वैशाखात. वाई तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर ते सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता हातातून गळून पडला, ते उजव्या अंगावर कलंडले आणि पुन्हा त्यांना आपले आपण उठता आले नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. तोंड एका बाजूला ओढले गेलेले, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा सतरंजीवर पडलेला, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. घरातल्या बायकांनी सर्वांत आधी दारे-खिडक्या लावून घेतल्या. एकदा वारे गेलेच होते, आणखी लागू नये म्हणून. मग कुणी तेलात लसूण तळून आणली, कुणी पारवा पकडून आणला. पारव्याचे ताजे रक्त लुळ्या अंगाला चोळले की ऊब येते अशी समजूत होती; आजही ती पुरती गेलेली नाही. आजोबा त्यानंतर अठरा महिने त्या अंधाऱ्या खोलीत पडून होते. शेवटी पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या आणि त्यांतच ते गेले. त्यांना कुणी एकदाही उभे केले नाही, कारण उभे करायचे असते हेच कुणाला माहीत नव्हते.

त्रेचाळीस वर्षांनी, २००९ च्या जानेवारीत, साताऱ्याहून आईचा फोन आला. सकाळचे सव्वासात वाजले असतील. "अण्णांच्या हातातला कप पडला रे. बोलणं तोंडातल्या तोंडात येतंय. तू येतोस का?" मी पुण्यात होतो. पंचवीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवलेला, चार पुस्तके नावावर असलेला माणूस. मी म्हणालो, "रात्री झोप झाली नसेल, आई. पडू दे त्यांना थोडं. मी अकराच्या गाडीनं निघतो." आईने माझे ऐकले. तिने अण्णांना निजवले, अंगावर पांघरूण घातले आणि खिडकी लावून घेतली.

आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं?" मी वेळ सांगितली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि दुसरा प्रश्न विचारलाच नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. या लेखामागचे सारे वाचन त्या दुपारपासून सुरू झाले.

वाऱ्याचे शब्द

आपल्याकडे या आजाराला किती नावे आहेत! पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, अंगावरून वारे जाणे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात प्रकुपित वायू शरीराची डावी किंवा उजवी बाजू कशी निकामी करतो, हालचाल कशी थांबते आणि वाणी कशी अडखळते, याचे वर्णन थोडक्या शब्दांत केले आहे. निरीक्षण म्हणून ते आजही अचूक आहे. एकाच बाजूचे अंग आणि जोडीला वाचा, ही खूण त्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. 'लकवा' हा शब्द अरबीतून आला. तिथे तो मुळात चेहऱ्याच्या पक्षाघातापुरता होता, आपण तो साऱ्या अंगासाठी वापरू लागलो. ग्रीकांनी या आजाराला दिलेल्या नावाचा अर्थ आघात होऊन कोसळणे असा होतो. इंग्रजी 'स्ट्रोक'च्या मागेही सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली, देवाच्या हाताचा तडाखा ही कल्पना आहे.

वारा असो, तडाखा असो की झटका, या सर्व शब्दांचे म्हणणे एकच आहे : हे बाहेरून येते, अचानक येते आणि आले की झाले. यांतली एकेक समजूत माणसाने कशी सोडली, ते मला इथे सांगायचे आहे. हे बाहेरून येत नाही, आतल्या एका नळीत घडते, हे कळायला सतरावे शतक उजाडावे लागले. ते अचानक येत नाही, वर्षानुवर्षे शिजत असते, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर कळले. आले की झाले असे नसते, काही तास हातात असतात आणि नंतर अनेक महिनेही असतात, हे तर माझ्या हयातीतले ज्ञान आहे. माझ्या घरात ते वेळेवर पोहोचले नाही.

शाफहाउजेनचा वैद्य

योहान याकोब वेप्फर हा स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउजेन गावचा नगरवैद्य. रुग्णालयात मरण पावलेल्यांचे शवविच्छेदन करण्याची परवानगी त्याला नगराने दिली होती. झटक्याने गेलेल्या काही माणसांच्या कवट्या त्याने उघडल्या आणि आत साकळलेले रक्त पाहिले. १६५८ साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याआधी दीड हजार वर्षे युरोपात गेलेनचे मत चालत आले होते. मेंदूतल्या पोकळ्या दाट कफाने भरतात आणि चैतन्याची वाट अडते, असे ते मत. वेप्फरने दाखवले की प्रश्न कफाचा नसून रक्ताचा आहे. एक तर मेंदूत रक्तस्राव होतो, नाहीतर मेंदूला रक्त पोहोचवणारी वाट बंद होते, असे त्याने मांडले. पुढे सहाच वर्षांनी, १६६४ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाचे सविस्तर वर्णन केले. एक वाहिनी अडली तरी दुसरीकडून रक्त फिरून येऊ शकते, हेही त्याने ओळखले. म्हणूनच एखाद्याची मोठी वाहिनी बुजते आणि त्याला पत्ताही लागत नाही, तर दुसऱ्याचे अर्धे अंग जाते.

वेप्फरने सुचवलेले ते दोन प्रकार आजही कायम आहेत. पहिला वाहिनी बंद होण्याचा. एकूण रुग्णांत याचेच प्रमाण जास्त. गुठळी मेंदूतल्या किंवा मानेतल्या वाहिनीत जागच्या जागी तयार होते, अथवा दुसरीकडून, बहुतेक वेळा अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून, वाहत येऊन अडकते. रक्ताच्या गुठळीचा असा प्रवास होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शो याने सिद्ध केले. दुसरा प्रकार रक्तस्रावाचा. वर्षानुवर्षांच्या दाबाने मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जीर्ण होतात आणि एक दिवस फुटतात. याशिवाय मेंदूच्या आवरणाखाली फुगवटा आलेली वाहिनी फुटून होणारा रक्तस्राव असतो. त्यात विलक्षण तीव्र डोकेदुखी अकस्मात सुरू होते. आणखी एक गोष्ट असते ती इशाऱ्याची. हात लुळा पडतो, शब्द सुचत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. लोक म्हणतात, "मुंग्या आल्या होत्या, गेल्या." प्रत्यक्षात गुठळी आलेली असते आणि सुदैवाने विरघळलेली असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण खरा झटका पुढच्या काही दिवसांतच येण्याचा धोका मोठा असतो.

वेप्फरचे ज्ञान खरे होते, पण मेलेल्या माणसाचे होते. जिवंत माणसाच्या कवटीत काय चालले आहे हे पाहायला त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे लागली.

रुझवेल्ट यांचे आकडे

रक्तदाब मोजण्याचे दंडपट्ट्याचे यंत्र इटलीतल्या स्किपिओने रिव्हा-रोची याने १८९६ मध्ये तयार केले. दंडाला पट्टा बांधून स्टेथस्कोपने ठोके ऐकण्याची पद्धत रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह याने १९०५ मध्ये सांगितली. म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे हाती आले. पण त्यांचा अर्थ काय, याबद्दल पुढची चाळीस वर्षे डॉक्टरांत एकमत नव्हते. वय वाढले की वाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त ढकलायला दाब वाढणे आवश्यकच आहे, तो उतरवला तर उलट अपाय होईल, असे अनेक नामवंत हृदयतज्ज्ञ मानत. वाढलेल्या रक्तदाबाच्या इंग्रजी नावात जे 'इसेन्शियल' हे विशेषण चिकटले, त्यात या समजुतीची छाया आहे.

या समजुतीची किंमत काय होती, हे एका माणसाच्या नोंदींवरून दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा रक्तदाब १९४१ मध्ये १८८/१०५ होता. त्यांचे खासगी वैद्य रॉस मॅकिंटायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. १९४४ च्या मार्चमध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकू लागले होते. ब्रून यांच्या हातात होते काय? डिजिटॅलिस, झोपेचे सौम्य औषध, मीठ कमी आणि विश्रांती. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचा रक्तदाब उतरवेल अशी एकही गोळी त्यांच्याजवळ नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रुझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी याल्टा इथे स्टालिन आणि चर्चिल यांच्यासमवेत युद्धानंतरच्या जगाचा आराखडा ठरवला. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे एलिझाबेथ शुमाटॉफ ही चित्रकर्ती त्यांचे चित्र काढत होती. रुझवेल्ट यांनी डोक्याच्या मागे भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. ब्रून यांनी दाब मोजला तेव्हा तो ३०० वर १९० होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. देश म्हणाला, अचानक गेले. ब्रून यांनी १९७० मध्ये आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या वाचल्यावर 'अचानक' हा शब्द वापरवत नाही.

याल्टाच्या त्या छायाचित्रातल्या तिघांनाही या आजाराने गाठले. स्टालिन १९५३ च्या मार्चमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. चर्चिल यांना त्याच वर्षी जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला. ते पंतप्रधान होते आणि ही बातमी जनतेपासून लपवून ठेवण्यात आली.

रुझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची नोंद करून एक अभ्यास सुरू झाला. आजारी माणसांना तपासण्याऐवजी धडधाकट माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे आणि कुणाला काय होते ते पाहायचे, अशी ही साधी पण अत्यंत चिकाटीची कल्पना होती. 'जोखीम घटक' हा आज वर्तमानपत्रांतही दिसणारा शब्दप्रयोग या अभ्यासाने १९६१ मध्ये रूढ केला. वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, हृदयाची अनियमित लय या गोष्टी झटक्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून माणसाच्या सोबत राहतात, हे त्या गावाने जगाला दाखवले. २०१० मध्ये बावीस देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय रुग्णही होते. पक्षाघाताच्या एकूण जोखमीपैकी सुमारे ९० टक्के वाटा केवळ दहा घटकांचा आहे आणि त्यांत पहिला क्रमांक रक्तदाबाचा आहे, असे त्यातून निघाले. बाकीचे घटकही ओळखीचेच आहेत : तंबाखू, पोटाचा घेर, आहार, बैठे जीवन, साखर, मद्य, मनावरचा ताण.

सर्पगंधेची वाट

जोखीम कळली, पण उपाय? इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

सर्पगंधा ही आपल्या रानांत उगवणारी झुडूपवजा वनस्पती. मन थाऱ्यावर नसलेल्यांना तिचे मूळ देण्याची चाल जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका निबंधात लिहिले की हे मूळ उन्मादावर तर चालतेच, पण वाढलेला रक्तदाबही उतरवते. त्याच साली सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी दिल्लीत या मुळातली अल्कलॉइड द्रव्ये वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतल्या एकाचे नाव 'अजमलीन' ठेवले. कलकत्त्यातच कर्नल रामनाथ चोप्रा यांनी त्यांचे गुणधर्म तपासले. म्हणजे वॉर्म स्प्रिंग्जमध्ये ब्रून हतबल होऊन आकडे लिहीत होते तेव्हा रक्तदाब उतरवणारे मूळ भारतात वापरात होते. पण ते निबंध भारतीय नियतकालिकांत होते आणि पश्चिमेकडचे डॉक्टर ती वाचत नव्हते.

ही कोंडी फोडली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. मुंबईचे हे हृदयतज्ज्ञ अनेक वर्षे आपल्या रुग्णांना सर्पगंधा देत होते आणि काटेकोर नोंदी ठेवत होते. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातले मुख्य द्रव्य, रेसरपीन, वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

तरीही एक प्रश्न उरला होता. दाब उतरवता येतो हे ठरले, पण तो उतरवल्याने झटका टळतो का? अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी याचे उत्तर शोधले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना खरी औषधे दिली, ७० जणांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : औषध न मिळालेल्यांत २७ गंभीर घटना, मिळालेल्यांत २. त्यापेक्षा सौम्य दाबाच्या ३८० पुरुषांचा निकाल १९७० मध्ये आला. त्यात पक्षाघाताचे झटके एका बाजूला २०, दुसऱ्या बाजूला ५. या चाचणीत तीन औषधे एकत्र दिली होती आणि त्यांतले एक होते रेसरपीन, सर्पगंधेच्या मुळातले. मनावर उदासी आणण्याच्या दोषामुळे रेसरपीन पुढे मागे पडले आणि आजच्या गोळ्या वेगळ्या आहेत. पण पक्षाघात टाळता येतो याचा पहिला भक्कम पुरावा उभा राहिला, त्यात मुंबईतल्या त्या नोंदवह्यांचा वाटा आहे.

आजोबांचे वारे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी हा निकाल आला होता. त्यांचा रक्तदाब कुणी कधी मोजलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही म्हणू शकत नाही. अण्णांचे तसे नव्हते. त्यांना साठीपासून गोळी चालू होती. २००७ च्या दिवाळीनंतर कधीतरी त्यांनी ती बंद केली. "प्रेशर नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?" असे ते आईला म्हणाले होते. निवृत्त पोस्टमास्तर; हिशेबाला पक्के. गोळीमुळे दाब ताब्यात आहे आणि गोळी सोडली की तो परत चढणार, हा साधा हिशेब मात्र त्यांना कुणी सांगितला नव्हता. वाढलेला दाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो अठरा-अठरा वर्षे मुकाट्याने काम करू शकतो.

साडेचार तास

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

बंद झालेली वाहिनी उघडायची तर गुठळी विरघळवणारे औषध द्यायला हवे. पण तेच औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर जीव जाईल. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. हा पेच सुटला १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्राने पहिल्यांदा एका जिवंत रुग्णाच्या मेंदूची सीटी प्रतिमा घेतली. रक्तस्राव पांढरा दिसतो, आणि पांढरे काही नसेल तर वाहिनी बंद झाल्याचा संशय धरता येतो. जे वेप्फरला कवटी उघडून पाहावे लागले, ते आता काही मिनिटांत दिसू लागले. हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

१९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढते. त्याची किंमतही निकालातच होती : मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाण ०.६ टक्क्यावरून ६.४ टक्क्यांवर जाते. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असे सिद्ध झाले. २०१५ मध्ये पाठोपाठ आलेल्या चाचण्यांनी दाखवले की मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१८ पासून निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंतही करतात. मुदत वाढली म्हणून घाई मात्र कमी होत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. मोठी वाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब एका शास्त्रज्ञाने २००६ मध्ये मांडला.

मी आईला "पडू दे त्यांना थोडं" असे सांगितले आणि अडीच वाजता रुग्णालयात पोहोचलो. मधल्या सव्वासात तासांवर १९ लाखांचा गुणाकार मी एकदा कागदावर करून पाहिला. पुन्हा केला नाही.

म्हणून वाचकांना विनंती, इतिहास विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात पुढे धरायला सांगितले तर एक खाली येतो का? साधे वाक्य बोलताना जीभ अडखळते का? यांतले एक जरी अचानक दिसले, तर वेळ लिहून ठेवा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ धरायची. सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नका. गिळणे बिघडलेले असू शकते. आणि आत रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घात करील. अण्णांच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झालेली नव्हती. आता आहे.

उभे करणे

अण्णांचा जीव वाचला. उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता व्यायामावर भिस्त.

या व्यायामशास्त्राचा इतिहास दोन आपत्तींतून घडला आहे : महायुद्धे आणि पोलिओ. मुंबईतही पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयाच्या आवारात भौतिकोपचार शिकवणारी देशातली पहिली शाळा निघाली. पक्षाघाताचा रुग्ण मात्र बराच काळ या विद्येच्या कडेला राहिला. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही, मग मेहनत कशासाठी, असा विचार होता.

तो बदलण्यात एका कुटुंबाचा अनुभव कारणी लागला. पेद्रो बाख-इ-रिटा हे न्यूयॉर्कमधले कवी आणि प्राध्यापक. १९५९ मध्ये त्यांना मोठा झटका आला. त्यांचा धाकटा मुलगा जॉर्ज हा मेक्सिकोत वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याला रूढ पद्धत माहीत नव्हती, म्हणून त्याने वडिलांना तान्ह्या मुलासारखे पहिल्यापासून शिकवले : आधी रांगणे, मग गुडघ्यांवर, मग उभे राहणे. पेद्रो पुन्हा वर्गात शिकवू लागले. काही वर्षांनी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाल्यावर शवविच्छेदनात दिसले की मेंदूतली इजा जशीच्या तशी होती, भरून आलेली नव्हती. शाबूत भागांनी तिचे काम उचलले होते. थोरला मुलगा पॉल याने पुढचे सारे आयुष्य मेंदूच्या या लवचिकतेच्या अभ्यासात घालवले. एडवर्ड टॉब यांनी याच दिशेने एक उपचार बसवला. चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. २२२ रुग्णांच्या चाचणीत २००६ मध्ये त्याचा उपयोग दिसून आला. हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असावी लागते, एवढी अट आहे.

आमच्याकडे येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी जेमतेम पंचविशीची होती. पहिल्याच दिवशी तिने खिडकी उघडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, उचलताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो, हे तिने आईला करून दाखवले. मग बसवणे, पाय जमिनीला टेकवणे, दोघांनी धरून उभे करणे. तिसऱ्या महिन्यात बोटे थोडी वळू लागली, तेव्हा तिने विचारले, "आजोबा पोस्टात होते ना?" दुसऱ्या दिवशी ती एक रबरी शिक्का, शाईचा पॅड आणि रद्दी पाकिटांचा गठ्ठा घेऊन आली. अण्णांचा डावा हात उपरण्याने छातीशी बांधला आणि उजव्या हाती शिक्का दिला. पहिल्या दिवशी तीन पाकिटे. दिवाळीपर्यंत शंभर. ठसे वाकडे पडत, पण पडत.

वाचेची गोष्ट वेगळी. डाव्या मेंदूतल्या इजेने वाचा जाते, हे पॅरिसच्या पॉल ब्रोका याने १८६० च्या दशकात दाखवले. त्याच काळात लंडनच्या जॉन हलिंग्ज जॅक्सन यांनी आणखी एक गोष्ट टिपली : स्वतःहून वाक्य जुळवता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडून पाठ असलेले, सवयीचे शब्द मात्र सहज बाहेर पडतात. आईचे नाव न आठवणारे अण्णा एका संध्याकाळी नातवाबरोबर बेचा पाढा म्हणू लागले आणि थेट वीसपर्यंत न अडखळता गेले. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि तिचा पाढा सुरू केला.

अण्णा आणखी सहा वर्षे जगले. काठी घेऊन पोस्टापर्यंत जात, तिथल्या बाकावर बसून परत येत. पुरती वाक्ये शेवटपर्यंत आली नाहीत. मी त्या सकाळबद्दल त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी उजवा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. हात उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

मला स्वतःला आता बारा वर्षे रक्तदाब आहे. सकाळी चहाआधी गोळी घेतो. आकडा चांगला आला तरी घेतो.